इजिप्तचे प्राचीन व्यापारमार्ग

नाईल नदी, तिच्या दोन्ही अंगांची वाळवंटे, तांबडा समुद्र व भूमध्य समुद्र यांच्या मांडणीतून घडलेले जलमार्गांचे व खुष्कीच्या वाटांचे जाळे. धान्य, लिनन, पपायरस व सोने देशात होते; मोठ्या बांधणीचे लाकूड, धूप, हिराबोळ, हस्तिदंत व आबनूस मात्र बाहेरून आणावे लागे.

नाईल उत्तरेकडे वाहते आणि तिच्यावरचा वारा बहुतेक काळ उत्तरेकडून येतो. त्यामुळे दक्षिणेस जाताना शीड उभारायचे आणि परतताना प्रवाहावर सोडून द्यायचे, एवढ्यावर वाहतूक चाले. चित्रलिपीत दक्षिणेच्या प्रवासाला शीड उभारलेली नाव आणि उत्तरेच्या प्रवासाला शीड उतरवलेली नाव काढत. या सोयीला आस्वानजवळ पहिल्या द्रुतवाहाच्या ग्रॅनाइट खडकांनी अटकाव केला. तिथेच एलिफंटाइन बेटावर न्युबियाच्या व्यापाराचे नाके उभे राहिले. सहाव्या राजवंशातील अधिकारी हर्खुफ याने याम देशाच्या चार सफरी केल्या. त्यांपैकी तिसरीला तो मरूद्यानांच्या वाटेने निघाला आणि धूप, आबनूस, हस्तिदंत व बिबळ्याची कातडी लादलेली ३०० गाढवे घेऊन परतला, असे त्याच्या कबरीवरील लेख सांगतो. उंट तेव्हा वाहतुकीत नव्हता. गाढवाला किती दिवसांनी पाणी लागते, यावर वाळवंटातली वाट ठरे. पश्चिम वाळवंटात दाखला मरूद्यानाच्या नैर्ऋत्येस अबू बल्लास येथे पाण्याच्या रांजणांचे साठे सापडले आहेत. विहीर नसलेल्या प्रदेशात पाणी आधीच नेऊन ठेवल्याचा हा ठोस पुरावा आहे.

दुसऱ्या द्रुतवाहाच्या परिसरात मध्य राज्याच्या राजांनी बुहेन, मिर्गिसा, सेमना असे किल्ले बांधले. मिर्गिसाजवळ नावा खडकांना वळसा घालून ओढून नेण्यासाठी केलेली चिखलाची घसरवाट उत्खननात मिळाली. सेनुसर्त तिसरा याच्या सेमना येथील शिलालेखानुसार न्युबियन लोकांना उत्तरेस येण्याची बंदी होती. इकेन (मिर्गिसा) येथे व्यापारासाठी किंवा निरोप घेऊन येणाऱ्यांना तेवढी मुभा होती. निसर्गाने केलेला अडथळा राज्यसत्तेने अशा रीतीने जकात व पहाऱ्याची जागा बनवला.

तांबड्या समुद्राकडचा मार्ग सर्वांत अवघड आणि सर्वांत बोलका आहे. केनाजवळ नाईल पूर्वेकडे मोठे वळण घेते व समुद्राच्या बरीच जवळ येते. म्हणून वळणाकाठचे कॉप्टॉस (आजचे किफ्त) हे वाळवंटाचे दार ठरले. वादी हम्मामातची कोरडी दरी तिथून समुद्राकडे जाते. किनाऱ्यावर जहाजाजोगे झाड नसल्याने जहाजे नाईलकाठी बांधून, सुटी करून, फळ्या वाळवंटातून नेत व किनाऱ्यावर पुन्हा जोडत. मेर्सा गवासिस या मध्य राज्याच्या बंदरात देवदार जातीच्या लाकडाच्या फळ्या, गुहेत नीट गुंडाळून ठेवलेले दोर आणि पुंट देशाचा उल्लेख असलेल्या पेट्या मिळाल्या. हे लाकूडही लेबाननचे, म्हणजे बिब्लोस बंदरातून भूमध्य समुद्रावरून आलेले. पुंटच्या एका सफरीत इजिप्तचे दोन्ही समुद्र गुंतलेले असत. राणी हॅटशेपसूटने देर-अल-बहारी येथील मंदिराच्या भिंतींवर पुंटची अशीच एक मोहीम कोरवून घेतली.

ईशान्येस उत्तर सिनाईच्या वाळूतून कनानकडे जाणारी ‘होरसची वाट’ विहिरी व ठाण्यांच्या आधारे चाले. कर्नाक येथे सेती पहिला याच्या शिल्पपटात ती ठाणी दाखवली आहेत.

टॉलेमी राजांच्या काळात उंट आला, मात्र वारा तोच राहिला. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारे वर्षभर बहुधा उत्तरेकडूनच येतात, त्यामुळे माल भरलेले जहाज सुएझपर्यंत आणणे कष्टाचे होई. टॉलेमी दुसरा याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात बेरेनिके हे बंदर दूर दक्षिणेस वसवले ते यासाठीच: माल तिथे उतरवून उंटांवरून कॉप्टॉसला न्यायचा. प्लिनीच्या मते हा प्रवास १२ दिवसांचा होता आणि उन्हामुळे बराचसा रात्री होई. मोसमी वाऱ्यांच्या आधाराने हाच मार्ग पुढे भारताशी जोडला गेला. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण व चौल यांबरोबर पैठण व तेर यांचीही नोंद आहे. बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय सागवान आणि भारतीय बनावटीच्या रांजणात भरलेली सुमारे साडेसात किलो काळी मिरी मिळाली आहे.