सातबाऱ्यात शिकाऱ्याला रकानाच नव्हता

गायरानाचा विषय निघाला की आपल्या नांदेड-लातूरकडं दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "गायरान गावाचं आहे." दुसरं, "पारध्यांनी ते बळकावलंय." पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. जमीन सरकारची, वापर गावाचा. दुसऱ्या वाक्याच्या मागं मोठा इतिहास आहे आणि तो कुणी सांगत नाही. म्हणून ही पोस्ट. लांब झालीय, पण ग्रामसभेत हात वर करण्याआधी वाचा.

1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्यात शिकार दोन प्रकारची होती. एक बड्यांची. सहावे निजाम महबूब अली खान वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध. 1902 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन वारंगळकडं शिकारीला आला, तेव्हा मारलेल्या वाघासोबतचा त्याचा फोटो लाला दीनदयाळ यांनी काढला. तो फोटो आजही पुस्तकांत छापला जातो.

दुसरी शिकार पोटाची. फासेपारधी तित्तर, लावा, ससा, हरीण धरायचा. पायवाटेवर फासे मांडायचे, शिकवलेल्या गाय-बैलाच्या आडोशानं पुढं सरकायचं. याला जंगल लागत नव्हतं. लागायचं ते माळरान, गायरान आणि पीक निघालेलं मोकळं रान. म्हणजे आपल्या बालाघाटाच्या माळासारखा मुलूख. कुणब्याला तो नकोसाही नव्हता. हरणं आणि डुकरं आवरली तर ज्वारी घरात येणार होती. गावोगाव पारध्याला राखणीला ठेवत, ते याच हिशोबानं.

मग भांडण कुठं सुरू झालं? माझ्या मते कागदावर.

हैदराबादचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे साधारण 1907-08 चा. पुढं आपल्याकडं 1954-55 चं खासरा पाहणीपत्रक झालं. आजही जमिनीचा वाद कोर्टात गेला की वकील आधी तेच मागतो. त्यात खातेदार आहे, कूळ आहे, पीक आहे, पडीक आहे. वर्षातून दोनदा माळावर पाल टाकून शिकार करणारा कुठंच नाही. 15 ऑगस्ट 1967 ला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. तिच्या 23 व्या कलमानं मोफत चराईचा हक्क त्या-त्या गावच्या गुराढोरांपुरता ठेवला. गावच्या म्हशीला गायरानात हक्क मिळाला, पण ज्याला गावच नाही अशा माणसाला मिळाला नाही. हे कुणी दुष्टपणानं केलं असं मी म्हणत नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढं नांगर आणि गोठा होता, फासा नव्हता.

तुलनेसाठी किनवट बघा. हा तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच आदिलाबादमध्ये 1940 ला जोडेघाटला कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली, हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला बोलावलं गेलं आणि 'लावणी खास' नियमांखाली गोंड-कोलामांना जमिनीचे पट्टे मिळाले. लढून मिळाले, पण मिळाले. कारण ते शेती करत होते. पारध्याचं म्हणणं कोणत्या नमुन्यात लिहायचं?

1950 साली अनुसूचित जमातींच्या याद्या निघाल्या. जुन्या मुंबई राज्याच्या यादीत पारधी होता, हैदराबादच्या यादीत नव्हता. मराठवाड्यातल्या पारध्याला त्यासाठी 1976 च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत थांबावं लागलं. दरम्यान 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला होता. कायदा गेला, शिक्का राहिला. आजही गावात चोरी झाली की पोलिसाची गाडी आधी कुठं वळते, ते आपण सगळे बघतो.

मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं, ते योग्यच झालं. माळावरची हरणं त्यामुळंच उरली. पण शिकार बंद झालेल्या माणसानं दुसऱ्या दिवसापासून काय खायचं, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बाकीचे पारंपरिक हक्क मान्य केले, शिकारीचा मात्र नाव घेऊन वगळला.

तेव्हा पारधी ज्या माळावर फासे टाकत होता, त्याच माळावर तो बसला, दोन-चार एकर उकरून ज्वारी पेरू लागला. आणि त्याच वेळी शेजारच्या खातेदाराचा बांधही गायरानात सरकत होता. फरक एवढाच, की एकाला अतिक्रमण म्हणतात आणि दुसऱ्याला वहिवाट.

भूमिहीनांचा लढा दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि पुन्हा 1964-65 ला उभा केला. त्या रेट्यातून पुढं 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला. 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. पण पुरावा पाहिजे. पुरावा म्हणजे गाव नमुना एक-ई मधली नोंद, नाहीतर दंडाची पावती. ज्याच्याकडं रेशनकार्ड नाही, पोलिसाच्या भीतीनं जो तलाठ्यापुढं उभा राहत नाही, त्यानं 1985 ची पावती कुठून आणायची?

आता सगळे 2011 च्या जगपाल सिंग निकालाचा दाखला देतात. सर्वोच्च न्यायालयानं गायरानं मोकळी करा म्हटलं, हे खरं. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनं दिलेल्या जमिनींचा अपवादही आहे. तो परिच्छेद कुणी वाचून दाखवत नाही.

मीही शेतकऱ्याच्या घरातला आहे. हरणांच्या कळपानं एका रात्रीत तुरीचे शेंडे खाल्ले की काय होतं, ते मला सांगू नका. गुरांना चारा पाहिजे, गायरान राहिलं पाहिजे, हे पण मान्य. माझं म्हणणं एवढंच आहे की मोजणी करायची तर सगळ्या गायरानाची करा. खातेदारांचे सरकलेले बांध, इमारती, सौर प्रकल्पाला दिलेलं क्षेत्र, सगळं एका नकाशावर येऊ द्या. नमुना एक-ई ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. ज्यांची नोंद व्हायची राहिली त्यांची स्थळपाहणी करा, गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब घ्या. त्यानंतर ठराव घ्या.

नुसती पालं उठवून गायरान मोकळं होत नसतं. पाल उठल्यावर तिथं पहिला नांगर कुणाचा फिरतो, ते गावाला चांगलं माहीत आहे.