मागें राहिलेल्यांची श्रद्धा

ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या किनाऱ्याच्या धर्मेतिहासाकडे वळून पाहतांना प्रथम डोळ्यांपुढें उभे राहतात ते रेवदंड्याचा सातखणी मनोरा आणि कुंडलिकेच्या मुखाशीं असलेला कोर्लईचा किल्ला. सेमिनरींत आम्हीं हाच इतिहास पाठ केला: १५१६ सालीं चौलास पोर्तुगिजांची वखार, १५२१ मध्यें रेवदंड्याच्या कोटाचा आरंभ, १५७०-७१ चा निजामशाही वेढा, १५९४ सालीं कोर्लईचा डोंगर हस्तगत. सनावळी बिनचूक होती. परंतु तींत गरीब ख्रिस्ती माणूस कोठेंच नव्हता, हें ध्यानांत येण्यास आम्हांस पुष्कळ वर्षें लागलीं.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, आणि १७४० च्या तहानें चौल व कोर्लई मराठ्यांकडे आलीं. ऐपतदार कुटुंबें निघून गेलीं. ज्यांस जाण्याचें साधन नव्हतें असे कष्टकरी लोक मागें राहिले. त्यांचे वंशज आजही कोर्लईस आहेत. कप्तान गेले, तोफा थंडावल्या, मठांचीं छपरें कोसळलीं. ह्या लोकांनीं मात्र कार्मेल माउलीचा आश्रय सोडला नाहीं. त्यांच्या घरांत एक बोलीही टिकली. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची बोली’ म्हणतात. शब्द बहुतांशीं पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण आपल्या मराठीच्या वळणाची. क्लॅन्सी क्लेमेंट्स नांवाच्या अमेरिकन पंडितानें १९९६ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला. तोंवर ती पिढ्यान्‌पिढ्या जगली ती चुलीपाशीं, आयांच्या तोंडीं. (पंडित नेहमीं उशिरा येतात. आम्हीही त्यांतलेच.)

श्रद्धा अशीच राखली जाते, हें आम्हांस पुस्तकानें शिकविलें नाहीं. एका पावसाळ्यांत आम्हीं दीर्घ आजारानें अंथरुणास खिळलों होतों. शरीरापेक्षां मन अधिक खचलें होतें. ब्रेव्हियरी उघडावी तों अक्षरें कोरडीं वाटत. दुसऱ्यांस इतकीं वर्षें ज्या धीराच्या गोष्टी सांगितल्या त्यांतील एकही स्वतःस लागू पडेना. ही कबुली धर्मगुरूनें द्यावी कीं नाहीं, हा प्रश्नच आहे. लावणीचे दिवस होते. धर्मग्रामांतील एक विधवा बाई दिवसभर चिखलांत राबून सायंकाळीं पेज घेऊन येई, उंबऱ्याशीं बसे आणि रोझरी म्हणूं लागे. पूर्वार्ध तिचा, उत्तरार्ध आमचा. कित्येकदां आमचा आवाजच निघत नसे. तेव्हां ती दोन्ही भाग स्वतःच म्हणे, आणि भांडें उचलून निघून जाई. आम्हांस कसें वाटतें, हें तिनें एकदांही विचारलें नाहीं. १७४० नंतर कोर्लईस काय घडलें असेल, तें आम्हांस त्या पेजेच्या भांड्यावरून उमगलें.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस वाट मोकळी केली, आणि आतां मराठी मिस्सा आपल्या अंगवळणीं पडली आहे. ह्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु मुलें मराठी-इंग्रजी शिकून मुंबईस जातात, आणि कोर्लईची ती बोली ओसरूं लागली आहे. तेथील एका आजीनें आम्हांस विचारलें, “फादर, नातवंडांना आमच्या बोलीतली प्रार्थना येत नाय. देवाला चालंल ना?”

“चालेल,” आम्हीं म्हणालों.

तिनें आमच्याकडे जरा संशयानें पाहिलें. मग अंगणांतल्या नातीस हांक मारून जवळ बसविलें, आणि तिच्याशीं त्याच बोलींत बोलूं लागली.