माळवदाचे घर आणि त्यानंतर : लातूर-नांदेड भागातील इष्ट घराच्या कल्पनेचा मागोवा

मराठवाड्यातील शेतकऱ्याला घर कसे हवे होते, ह्या प्रश्नाचे उत्तर लेखी साधनांत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. महसुली दप्तरांचा सारा रोख जमिनीवर असतो. घराचा उल्लेख तेथे आलाच तर ओघाने येतो. जात्यावरच्या ओव्यांत चिरेबंदी वाडा आणि प्रशस्त सोपा भेटतो खरा, परंतु ओवीतले घर हे बहुधा माहेराच्या अभिमानाचे घर असते. त्यावरून भिंतीची जाडी काढता येत नाही. अशा स्थितीत घरे हेच घराविषयीचे मुख्य साधन ठरते. लातूर जिल्ह्यात हे साधन एका पहाटे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले, आणि त्याच घटनेमुळे घराविषयीच्या इच्छा प्रथमच उघडपणे बोलल्या गेल्या, मोजल्या गेल्या व नाकारल्याही गेल्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीस झालेला भूकंप हा म्हणून ह्या प्रदेशातील गृहरचनेच्या इतिहासाचाही विषय होय.

भूकंपापूर्वीच्या घराची माहिती आधी घेतली पाहिजे. गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून, पुन्हा उभी राहून पांढरीची माती तयार होते आणि तीच पुन्हा घरांच्या छपरावर चढते. लातूर, औसा, निलंगा ह्या तालुक्यांत आणि नांदेड जिल्ह्यात कंधार-मुखेडकडे प्रतिष्ठित घर म्हणजे माळवदाचे घर. सागवानी किंवा मिळेल त्या लाकडाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा दाबून बसविलेला जाड थर. घराचे माप खणांत सांगावयाचे. अमक्याचे घर इतक्या खणांचे, एवढ्यावरून ऐकणाऱ्यास त्या कुटुंबाची ऐपत कळत असे. भोवतीच्या भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-तीन फूट जाडीच्या. देशमुख-पाटलांच्या वाड्यांत आणि गढ्यांत त्याहून पुष्कळ अधिक.

ह्या घरात माणसाला जे हवे होते ते जवळजवळ सर्व होते. दख्खनच्या पठारावर दगडाला तोटा नाही, आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जात असता जाड भिंत व मातीचे छप्पर ह्यांच्यासारखा दुसरा आसरा नाही. पाऊस कोकणासारखा धो-धो नसल्यामुळे सपाट माळवद चालून जाते. त्यावर धान्य वाळविता येते, उन्हाळ्यात झोपता येते. ढाळजेत पुरुषांची बैठक आणि आलेल्या-गेलेल्याची विचारपूस. आत चौक, चौकाभोवती सोपे, त्यामागे माजघर, देवघर आणि उतरंडीची अंधारी खोली. धान्यासाठी भिंतीतले बळद किंवा जमिनीतले पेव. भिंतीत दिवळ्या, कोनाडे, खुंट्या. जनावरे दाराआतच बांधावयाची, कारण बैल ही घरातील सर्वांत मोलाची मालमत्ता. बाहेरच्या भिंतीला खिडकी जवळपास नसे. चोराचिलटांचे भय, धान्याची राखण आणि स्त्रियांचा आडोसा अशी तिन्ही कारणे तेथे एकत्र आली होती. चौक आकाशाला उघडा आणि रस्त्याला बंद असल्यामुळे सुनेला दिवसाउजेडी मोकळ्यावर बसून काम करता येई, तेही कोणाच्या नजरेस न पडता. ह्या शेवटच्या गोष्टीकडे वास्तुविषयक लेखनात क्वचितच लक्ष दिले जाते; पुढील हकीकतीत मात्र तिला महत्त्व आहे.

दोष होता तो गुणांच्याच पोटात. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकण्याची रीत होती. जुनी माती काढून टाकण्याचा खटाटोप सहसा कोणी करीत नसे. त्यामुळे थर वाढत जाऊन कोठे कोठे दोन फुटांवर पोहोचला. एक घनफूट कोरडी माती सुमारे पंचेचाळीस किलो भरते. म्हणजे दहा फूट बाय बारा फुटांच्या लहानशा खोलीवरही दहा टनांहून अधिक ओझे झाले. भिंतींची गत निराळी. त्या दिसावयास भक्कम, परंतु आतून दोन वेगळ्या थरांच्या, मध्ये चिपा व माती भरलेल्या. दोन्ही थरांना आरपार बांधणारा दगड क्वचित. जमीन आडवी हलताच थर एकमेकांपासून सुटले. पुष्कळ ठिकाणी भिंती कोसळूनही लाकडी खणांचा सांगाडा तसाच उभा राहिला, हे पाहणाऱ्यांनी नोंदविले आहे. तेव्हा दोषी लाकूडकाम नव्हते. मृत्यू आला तो दगडांखाली आणि मातीखाली. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. सरकारी गणनेप्रमाणे मृतांचा आकडा ७,९२८ आहे.

येथे एक कठोर उलटापालट नोंदविली पाहिजे. ज्यांना माळवद परवडत नव्हते, जे कुडाच्या भिंतींत आणि गवताच्या किंवा पत्र्याच्या छपराखाली गावाच्या कडेला राहत होते, त्यांची घरे हलकी असल्यामुळे तुलनेने कमी घातक ठरली. शतकानुशतके ज्या घराची हाव धरली जात होती, तेच त्या रात्री सर्वांत धोक्याचे झाले. १९९२ मध्येच किल्लारी भागात धक्के बसले होते. पण त्या काळच्या अधिकृत भूकंपनकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणलेला होता, हेही विसरता कामा नये. नकाशा बदलला तो २००२ मध्ये; त्यात ह्या भागाला तिसऱ्या पट्ट्यात घालण्यात आले.

भूकंपानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने १९९४ पासून जे पुनर्वसन हाती घेतले, त्यात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी हलविण्यात आली. घराचे क्षेत्र जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या धारकास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४५० आणि सात हेक्टरांवरील धारकास ७५०. खणांवरून ऐपत ओळखण्याची जुनी रीत अशा प्रकारे चौरस फुटांत सरकारी दप्तरात उतरली. आखणीत सारख्या मापाची घरे एकत्र येत असल्याने नव्या गावातले शेजारही बऱ्याच अंशी धारणेप्रमाणे लागले. भावकीचा आणि गल्लीचा जुना शेजार मोडला. रस्ते सरळ व रुंद, घरे सुटी सुटी, गावाचा पसारा जुन्याच्या अनेक पटींनी मोठा. पांढरी सोडून माणसे काळीवर राहावयास गेली.

ही घरे लोकांवर लादली गेली, असे म्हणण्याची अभ्यासकांत प्रथा पडली आहे. ते अर्धेच खरे आहे. धक्क्यानंतरच्या महिन्यांत दगडाच्या भिंतीखाली पुन्हा झोपण्यास माणसे राजी नव्हती. सिमेंटचे, ‘पक्के’ घर त्यांनी स्वतः मागितले होते. डोळ्यांदेखत माणसे दगडांखाली गेलेल्याने जुन्या घराचा गारवा आठवून आर्किटेक्टशी वाद घालावा, अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे माणसाचे मन न ओळखणे होय. भीती ही त्या वेळी खरी इच्छा होती आणि तिचा मान राखला गेला. न विचारले गेले ते दुसरेच : जनावरे कोठे बांधावयाची, कडबा कोठे रचावयाचा, वर्षाचे धान्य कोठे ठेवावयाचे, चूल कोठे मांडावयाची, आणि बाईने ऊन खात बसावयाचे ते कोठे. २५० चौरस फुटांच्या दोन खोल्यांत ह्यांपैकी कशालाच जागा नव्हती, आणि रस्त्याकडे उघडणाऱ्या दारा-खिडक्यांमुळे आडोसाही गेला.

ह्याचे उत्तर लोकांनी कागदावर न देता बांधकामात दिले. घर ताब्यात आल्यावर हळूहळू भोवती कुंपणाची भिंत उठली. म्हणजे चौक परत आला. दारापुढे पत्रा टाकून ओसरी झाली. मागे जनावरांचे छप्पर उभे राहिले, स्वयंपाकाची चूल बाहेर आली, आणि संडासाच्या खोलीत कित्येकांनी सरपण व सामान भरले. ह्या वाढीव बांधकामाला अधिकारी बेशिस्त म्हणत आले आहेत. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती प्रथम दर्जाची साधने आहेत. भीती ओसरल्यानंतर कोणती इच्छा आधी व कोणती मागाहून वर आली, हे त्यांच्या क्रमावरून वाचता येते. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत (नमुना ८) बांधकामाचा प्रकार व क्षेत्र मिळते. एका गावापुरती तरी ही नोंद प्रत्यक्ष घरांशी ताडून पाहण्याजोगी आहे.

जी गावे हलविली नाहीत, त्यांची साक्ष ह्याहून बोलकी आहे. तेथे सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीसाठी घरमालकालाच मदत देण्यात आली, आणि गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून स्त्रियांची नेमणूक झाली. लोकसहभागाचे हे काम ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेकडे होते. तज्ज्ञांची अपेक्षा अशी की, माळवदाची माती कमी करावी, भिंतीत आरपार दगड घालावेत, वर पट्टा बांधावा. बहुसंख्य घरमालकांनी तसे न करता त्या पैशातून जुन्या घराशेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. तांत्रिकदृष्ट्या हे निराशाजनक मानले गेले, कारण जुने घर तसेच धोक्याचे राहिले. तथापि निवड स्पष्ट होती : रात्री झोपण्यासाठी नवी खोली, दिवसा वावरण्यासाठी जुने घर. एकाच घरात न सामावणाऱ्या दोन गरजा लोकांनी दोन इमारतींत वाटून घेतल्या. घरमालकाच्या हाती पैसा देण्याचा हा मार्ग पुढे २००१ च्या गुजरात भूकंपानंतर मोठ्या प्रमाणावर स्वीकारला गेला, आणि तेथे बहुतेक गावांनी स्थलांतरास नकार दिला.

नांदेडला किल्लारीसारखा प्रसंग आला नाही. २००६ नंतर नांदेड शहरात जमिनीतून आवाज आणि सौम्य धक्के जाणवत राहिले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडपर्यंत पोहोचला. त्या वेळी प्रशासनाने केलेले आवाहन घराच्या इतिहासात टिपून ठेवावे असे आहे. त्यात माळवदाचा उल्लेख नव्हता. पत्र्याच्या छपरावर ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे लोकांना सांगण्यात आले. माळवदाची जागा बऱ्याच ठिकाणी हलक्या पत्र्याने घेतली आहे. तो वावटळीत उडतो, म्हणून त्यावर दगड मांडले जातात.