चार ओळी की चोवीस भाग? एका परीक्षणाची गोष्ट

१/ जुलै १९६९. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी ‘कन्झ्युमर गाइड’ हे सदर सुरू केले. प्रत्येक ध्वनिमुद्रिकेला एक छोटा परिच्छेद आणि शाळेतल्यासारखी श्रेणी. बाजारात ध्वनिमुद्रिकांचा पूर आणि वाचकाच्या खिशात पैसे मोजके. घ्यावी की नाही, एवढेच त्याला कळायला हवे होते.

२/ वर्षभरातच याच्या नेमके उलट घडले. जून १९७० मध्ये बॉब डिलनचा ‘सेल्फ पोर्ट्रेट’ हा दोन तबकड्यांचा, चोवीस रचनांचा संच आला. ‘रोलिंग स्टोन’मध्ये ग्रील मार्कस यांनी त्याचे परीक्षण लिहिले, तेही चोवीस भागांत. आरंभच एका शिवीयुक्त प्रश्नाने! (तो येथे देण्याजोगा नाही.)

३/ ज्याच्या गाण्यांवर एक पिढी वाढली, त्याने हे असे का करावे, हा मार्कस यांचा खरा प्रश्न होता. त्याला चार ओळी पुरणे शक्यच नव्हते. तरीही क्रिस्टगाऊंचे काम सोपे मानू नये. चार ओळींत टीकाकाराला लपायला जागा उरत नाही.

४/ २०१३ मध्ये त्याच काळातील अप्रकाशित ध्वनिमुद्रणे ‘अनदर सेल्फ पोर्ट्रेट’ या नावाने निघाली. सोबतच्या पुस्तिकेत लेख होता मार्कस यांचाच.