सरकून दिलेली जागा

सध्या मुक्काम भिलाई. एनसीसीच्या डेप्युटेशनवर आहे, म्हणजे रेजिमेंटपासून लांब आणि कॅडेट्सच्या घोळक्यात. इथे पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं. त्याआधी इथून जाणाऱ्या गाड्यांना भिलाई म्हणजे एक खेडं होतं. पण आज लिहायचंय ते पोलादाबद्दल नाही, याच लोहमार्गावरच्या एका डब्याबद्दल.

दुर्गवरून नागपूरच्या दिशेने निघालं की पुढचं मोठं स्टेशन राजनांदगाव. १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक त्या संस्थानात नोकरीसाठी नागपूरहून निघाले होते. कोकणातल्या करजगावचे चित्पावन, कवी, संस्कृतचे व्यासंगी. डब्यात एक युरोपियन बसलेला. हा आता आपल्याला हाकलणार, असं टिळकांना वाटलं. तो हसला आणि सरकून त्याने जागा दिली. मग संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला आणि म्हणाला की, मन लावून वाचलंत तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल.

टिळक राजनांदगावात ते पुस्तक वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनात अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस एका 'नेटिव्ह'साठी सरकला, एवढीच ती गोष्ट. मला मात्र तीच महत्त्वाची वाटते. येशूने शिष्यांचे पाय धुतले, हे सांगणारे पुष्कळ असतात. गर्दीच्या डब्यात सरकणारे थोडे.

आमच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीचं ब्रीद 'सेवा परमो धर्मः'. सतराव्या वर्षी मला ते छातीवर मिरवायचं वाक्य वाटायचं. सेवा म्हणजे सीमा, बर्फ, मेडल. टिळकांनीही आधी सेवेचा मोठा अर्थच घेतला असावा. पण त्या बाप्तिस्म्याने घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. जगासाठी सर्वस्व द्यायला निघालेल्या माणसाचं बिल घरच्यांच्या नावे फाटलं.

पुढे त्या अहमदनगरला परत आल्या, पण आपलं सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाने घरात जागा करून दिली आणि वाट पाहिली. १९००मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. १९१७मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुरं केलं ते शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे'ही त्यांचंच. त्यात त्या नवऱ्याला देव करत नाहीत, म्हणून तो माणूस खरा वाटतो.

ते पुस्तक मी इथे परत वाचलं आणि थोडा ओशाळलो. एकवीस वर्षांच्या नोकरीत पोस्टिंग ऑर्डर आली की मी बायकोला *कळवत* आलो. विचारलं कधीच नाही. दोन शाळांमधली तिची नोकरी माझ्या ऑर्डरींमुळे सुटली. मेसमधल्या भाषणात मी त्याला 'फॅमिलीचा त्याग' म्हणायचो. त्याग तिचा, टाळ्या मला.

मागच्या आठवड्यात पुढच्या पोस्टिंगसाठी पसंतीची तीन ठिकाणं मागवणारा फॉर्म आला. तो कोराच घरी नेला आणि तिच्यासमोर ठेवला. तिने बराच वेळ पाहिलं, मग म्हणाली, "बरा आहेस ना?"

पेन तिच्याकडे दिलं आणि सोफ्यावर थोडा सरकून बसलो.