मोहब्बतें लुटाऊंगा
'मोहब्बतें लुटाऊंगा' हे मुंबईचे गायक अभिजीत सावंत यांचे २००५ सालचे गाजलेले हिंदी पॉप गीत. ब्रिटनमधील 'पॉप आयडॉल'च्या धर्तीवर सोनी वाहिनीने घेतलेल्या 'इंडियन आयडॉल' स्पर्धेचे पहिले विजेतेपद सावंत यांनी मार्च २००५ मध्ये पटकावले. त्यानंतरच्या 'आपका अभिजीत सावंत' या संग्रहात हे गीत आहे. अंतिम कौल परीक्षकांचा नव्हे, तर लघुसंदेश व दूरध्वनीद्वारे मत देणाऱ्या प्रेक्षकांचा होता. हुबळीच्या गंगूबाई हनगल कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे वर्षानुवर्षे तालीम घेऊन घडल्या. येथे गायक काही महिन्यांत देशभर पोहोचला. अशी कीर्ती टिकवणे मात्र कठीण. सावंत २०२४ मध्ये मराठी 'बिग बॉस'चे उपविजेते ठरले, तरी त्यांची मुख्य ओळख २००५ चीच राहिली.