युगांडातील १९७१ चे लष्करी बंड : लोकप्रतिक्रिया आणि भारतीय समाज

प्रस्तावना :
लष्करी सत्तांतरानंतर रस्त्यावर उतरलेली गर्दी म्हणजे नव्या राजवटीला मिळालेली जनसंमती, असे मानण्याचा प्रघात आहे. युगांडाच्या इतिहासावरून या समजुतीची मर्यादा स्पष्ट होते.

सत्तांतर व जनमत :
राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे राष्ट्रकुल परिषदेनिमित्त देशाबाहेर असताना, २५ जानेवारी १९७१ रोजी इदी अमीन यांनी सत्ता हस्तगत केली. कंपालामध्ये जल्लोष झाला. त्यात बुगांडा प्रदेशातील जनता आघाडीवर होती. वस्तुतः १९६६ साली बुगांडाचे राजे मुतेसा दुसरे यांच्या राजवाड्यावर चालून गेलेल्या सैन्याचे नेतृत्व अमीन यांनीच केले होते. तथापि आदेश ओबोटे यांचा असल्याने लोकांचा रोष त्यांच्यावर केंद्रित झाला होता. अमीन यांनी राजकीय कैद्यांना मुक्त केले आणि लंडनमध्ये निधन पावलेल्या मुतेसांचे पार्थिव मायदेशी आणले. याच काळात लष्करी छावण्यांत आचोली व लांगी सैनिकांचे हत्याकांड सुरू होते. त्याचा आवाज मात्र रस्त्यावर पोहोचला नाही.

भारतीय समाजाची भूमिका :
युगांडातील भारतीयांत गुजराती व्यापारी बहुसंख्य होते, तर गोमंतकीय प्रामुख्याने शासकीय सेवेत होते. १९६९ चा व्यापार परवाना कायदा आणि प्रमुख उद्योगांतील ६० टक्के भागभांडवल ताब्यात घेण्याची १९७० मधील घोषणा यांमुळे व्यापारी वर्ग धास्तावलेला होता. त्याला ओबोटे यांचे पतन दिलासादायक वाटले. हा दिलासा अल्पजीवी ठरला. डिसेंबर १९७१ मध्ये अमीन यांनी आशियाई प्रतिनिधींची परिषद बोलावून त्यांच्यावर जाहीर दोषारोप केले. ऑगस्ट १९७२ मध्ये आशियाईंना देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत देण्यात आली. हजारो कुटुंबे विस्थापित झाली. काही मोंबासामार्गे जहाजाने मुंबई बंदरात उतरली. कंपाला येथे जन्मलेले गोमंतकीय वंशाचे लेखक पीटर नाझरेथ यांची 'इन अ ब्राउन मँटल' ही कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. काल्पनिक आफ्रिकी देशातील गोमंतकीय नायकाच्या निमित्ताने तिने हीच असुरक्षितता मांडली होती.

समारोप :
१९७१ चा जल्लोष हा अमीन यांच्यावरील विश्वासापेक्षा ओबोटे यांच्यावरील रोषाचा आविष्कार होता. प्रत्येक गटाने बंडात आपल्या गाऱ्हाण्याचे निवारण पाहिले. इतरांवर काय ओढवत आहे, याकडे मात्र दुर्लक्ष झाले. म्हणूनच लोकप्रतिक्रियेचा अभ्यास करताना घोषणांइतकीच मौनाचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.